मधला रिकामा कॉलम

मला थोडं दिसतं. म्हणजे तेव्हा दिसायचं. कागद नाकाला टेकवला की अक्षर ओळखू यायचं, समोर माणूस उभा आहे की दार आहे एवढं कळायचं, आणि उन्हातून घरात पाऊल टाकलं की काहीच नाही. पाथर्डीच्या बाजूला आमचं गाव. तिथं लोक म्हणायचे, "पोरीला जरा कमी दिसतंय." त्या 'जरा'ला धरूनच मी मोठी झाले. आंधळी म्हणजे दुसरी कुणीतरी, मी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा माझ्या ह्या तोऱ्यातून झाला.

नगरला आमच्यासारख्या मुलींसाठी एक संस्था आहे, तिथं राहून मी कॉम्प्युटर शिकले. आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचे, त्यामुळं वसतिगृह हेच माझं घर. तिथं नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. तालुक्यानं मारायची अशी पद्धतच पडली होती. ए शेवगाव, माझी बादली कुठाय? ए पारनेर, लाइट बंद कर की! मग सगळ्या खो खो हसणार, की लाइट हवा होता कुणाला. मी पाथर्डी. आणि माझ्या शेजारच्या कॉटवर अकोले.

अकोले जन्मापासून पूर्ण आंधळी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. आवाज खणखणीत, आणि हसणं त्याहून. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते ती इतक्या वेगानं लावायची की शेजारच्याला कढईत लाह्या फुटतायत असं वाटावं. तिला मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. इअरफोन लावायचा तिला कंटाळा. "ऐकू दे की समद्यांना, मी काय चोरी करते व्हय?" म्हणायची.

मी ते सॉफ्टवेअर लावत नसे. शिकले होते, येत होतं, पण लाज वाटायची. बोलणारा कॉम्प्युटर म्हणजे आंधळीचा कॉम्प्युटर. मी पडद्यावरचं आठपट मोठं करायची, नाक काचेला लावायची आणि एका वेळी दोन-तीन अक्षरं वाचायची. संध्याकाळी डोकं ठणकायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण मी 'वाचायची'. आमचे कॉम्प्युटरचे सर म्हणायचे, "अगं बाई, कान दिलेत ना देवानं? वापर की." मी हो हो म्हणायची आणि परत काचेला नाक लावायची.

एवढं मोठं करून बघितलं की एक अडचण यायची. फोन नंबर कुठं संपला आणि तारीख कुठं सुरू झाली तेच कळायचं नाही, सगळे आकडे एकमेकांना चिकटलेले. म्हणून मी एक युक्ती काढली होती. तक्त्यात दोन रकान्यांच्या मधे एक कॉलम रिकामा सोडायचा. पांढरी पट्टी आली की समजायचं, अलीकडचं संपलं. काम झालं की तो कॉलम उडवून टाकायचा. सर वैतागायचे. "मधे रिकामं ठेवू नकोस. कॉम्प्युटरला वाटतं तक्ता तिथंच संपला. उद्या नावं लावायला गेलीस तर अलीकडचं हलेल आणि पलीकडचं जागच्या जागी राहील." माझी फाईल कधी अकोलेकडे गेली आणि मी तो कॉलम काढायला विसरले असले, की तिचा कॉम्प्युटर ओळीओळीला 'ब्लँक, ब्लँक' करायचा, आणि ती तिकडून ओरडायची, "पाथर्डी, तुझी गल्ली ऱ्हायली गं फाईलमधी!"

कोर्स संपला की तीन महिने कुठंतरी प्रत्यक्ष काम करावं लागे. आम्हा दोघींना सावेडीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पाठवलं. ऑफिसचे साहेब कडक होते, पण मनानं वाईट नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हा प्रयोग आम्ही पहिल्यांदाच करतोय. तीन महिने बघतो. जागा एकच आहे. दोघींतली जी जमवून घेईल तिला ठेवून घेऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला दिसतं ना थोडंफार?" मी म्हणाले, "हो सर, दिसतं." 'थोडंफार' गिळून टाकलं.

परत येताना रिक्षात अकोले गप्प होती. तिला गप्प बसायची सवय नाही, म्हणून मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "एकच जागा हाय गं." मग म्हणाली, "मला न्हाई मिळाली तर मी घरी जानार. घरचे लई जीव लावत्यात मला. चुलीपाशी जाऊ देत न्हाईत, ओढ्यावर जाऊ देत न्हाईत. चहा पन हातात आनून देत्यात. एका जागी बसवून ठेवत्यात नुसतं. सकाळी बसवलं की सांज होईस्तवर. तुला सांगते पाथर्डी, मला घरी बसायचं न्हाई." मला तेव्हा तिची कणव आली. पण खरं सांगते, त्याच वेळी मनात हेही आलं, की मला दिसतं, जागा मलाच मिळणार. कणव आणि हे, दोन्ही एकदमच आलं.

काम असं होतं. हॉस्पिटलची माणसं गावोगाव शिबिरं घ्यायची, मोतीबिंदू असलेली माणसं शोधायची. प्रत्येकाला ऑपरेशनची तारीख ठरवून दिली जायची. ते सगळं शिबिराच्या वहीतून कॉम्प्युटरवर चढवणं माझं काम. आधी अनुक्रमांक, मग नाव, गाव, फोन नंबर आणि शेवटी तारीख. ती यादी अकोलेकडे जायची आणि ती एकेकाला फोन लावून सांगायची, अमक्या दिवशी या, सोबत माणूस आणा, आधारकार्ड आणा. सांगून झालं की तारखेच्या पुढच्या रकान्यात 'सांगितलं' असं लिहायची.

फोनवर ती म्हणजे नुसती साखर. डोंगरातल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलायची. भाताची आवणी कुठवर आली, जनावरं कशी हायत, हे विचारल्याशिवाय मुद्द्यावर यायची नाही. तिकडून माणसं खूश. साहेब एकदा तिच्या टेबलाशी थांबून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हिला फोनवर बसवलं हे बरं झालं." त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. सरळच सांगते, मी जळाले. दोन महिने होत आले होते आणि साहेब माझ्या टेबलाशी एकदाही थांबले नव्हते. थांबणार कशाला? मी काचेला नाक लावून बसलेली, मागून नुसती पाठ दिसायची.

म्हणून मी घाई करायला लागले. साहेब एका गुरुवारी म्हणाले, "अगं, नातेवाईक फोन करून विचारतात तेव्हा नाव सापडत नाही. यादी एबीसीडीनं लावून दे." मी म्हणाले, "आत्ता देते सर." यादीत शंभरावर नावं. फोन नंबर आणि तारीख यांच्या मधे माझी पांढरी पट्टी होती. मी नावाच्या रकान्यात गेले, बटण दाबलं, नावं पटापट लागली. पडद्यावर मला तीनच अक्षरं दिसत होती, आणि ती बरोबर होती. मग मी रिकामा कॉलम काढला, फाईल अकोलेकडे पाठवली आणि साहेबांना सांगितलं, "झालं सर." ते म्हणाले, "अरे वा, लगेच?"

नावं हलली, गावं हलली, फोन नंबर हलले. तारखा होत्या तिथंच राहिल्या. सरांनी सांगितलेलं अगदी तसंच झालं. बोलणारं सॉफ्टवेअर लावलं असतं तर एक ओळ ऐकून खात्री करता आली असती, पण ते लावायचं तर मी आंधळी ठरले असते.

अकोलेनं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन केले. चांगल्या गोड आवाजात, शंभर माणसांना चुकीच्या तारखा सांगितल्या.

शुक्रवारी चार-दोन माणसांचा गोंधळ झाला, तो कुणी मनावर घेतला नाही. सोमवारी सकाळी मात्र हॉस्पिटलच्या हॉलमध्ये ही गर्दी. ज्यांची तारीख नाही ती माणसं आलेली, ज्यांची आहे ती आलेलीच नाहीत. डॉक्टर वैतागलेले, नर्स ओरडतायत. अकोले तालुक्यातली एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. अंधारात निघून जीप, मग एसटी, मग रिक्षा. ऐन आवणीत शेत टाकून सून सोबत आलेली. साहेबांनी शिबिराची वही काढून बघितलं, तर तिची तारीख शुक्रवारची होती, होऊन गेलेली. आता नवी तारीख महिन्यानं. म्हातारीला काही कळेना. ती एवढंच म्हणत राहिली, "त्या पोरीनं सोमवार सांगितला. आमच्याच बोलीची पोर हाय ती. तिनं सांगितलं म्हनून आले."

वहीतला शुक्रवार मी ऐकला. मला तिथल्या तिथं सगळं कळलं. पट्टी, बटण, सगळं.

साहेबांनी अकोलेला बोलावलं. हॉलमध्येच, माणसांसमोर. "फाईल कुणाकडे होती?"

"माज्याकडं."

"मग तारखा कशा बदलल्या?"

"मी तारखांना हात न्हाई लावला सर. फाईल जे बोलली तेच मी सांगितलं. मी फकस्त शेवटी 'सांगितलं' लिहीत हुते."

"न दिसता कुठं काय लिहिलंस, तुला तरी कळलं का?" साहेबांचा आवाज चढला. "चूक माझीच. डोळे नसलेल्या पोरीच्या हातात एवढी यादी दिली." मग ते माझ्याकडे वळले. "तू दिलीस तेव्हा यादी बरोबर होती ना?"

मी म्हणाले, "हो सर."

दोनच शब्द. जीभ अडखळलीसुद्धा नाही. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

म्हातारी तेवढ्यात अकोलेजवळ आली. तिनं आवाज ओळखला होता. तिचे हात धरून म्हणाली, "तूच का गं फोनवाली? तुला बी दिसत न्हाई व्हय? आगं माजी बाय." तिनं राग नाही केला, काही नाही. उलट आपल्या पिशवीतली भाकरी तिच्या हातात ठेवली. अकोले एवढ्या माणसांत ढसाढसा रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी डबा खायला आम्ही मागच्या खोलीत बसलो. दोघींनीही डबा उघडला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "पाथर्डी, तुझी गल्ली कधी काढलीस तू? नावं लावायच्या आधी, का नंतर?"

मेली किती हुशार! तिनं सगळं ओळखलं होतं. आणि विचारलं असं, की मला अजूनही वाट राहील. मग तीच पुढं म्हणाली, "नंतर काढली आसंल तर सांग. साहेब काय खानार न्हाईत आपल्याला. दोघी मिळून जाऊ, दोघी मिळून सांगू. चूक कुनाची बी हुती."

"आधीच काढली होती!" मी खेकसले. "सारखं काय तेच तेच? तुझी चूक माझ्या गळ्यात कशाला मारतेस?"

ती म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. एरवी जिन्यावरून उतरताना ती माझं कोपर धरायची. त्या दिवशी तिनं हात पुढे केला नाही. भिंतीला हात लावत, पायरी पायरी चाचपत एकटी उतरली. मी मागून येत होते. तिच्याशी बोलायची माझी छाती झाली नाही.

यादी दुरुस्त कुणी केली? मीच! दोन दिवस बसून वहीवरून एकेक तारीख पुन्हा लावली. साहेब माझ्या टेबलाशी येऊन थांबले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि म्हणाले, "शाबास. तू होतीस म्हणून निभावलं." आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "थँक्यू सर." आता आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात संस्थेचे सर येऊन अकोलेला घेऊन गेले. तिचे तीन महिने पुरे झालेच नाहीत. वसतिगृहात ती ट्रंक भरत होती तेव्हा मी कॉटवर पाठ करून पडले होते, झोपेचं सोंग घेऊन. जाताना तिनं सगळ्यांना तालुक्यानं हाका मारून निरोप घेतला. माझ्या कॉटपाशी आली, थोडी थांबली, मग गेली. सोंग तिला कळलं नसेल असं मी कधीच म्हणणार नाही.

जागा मला मिळाली.

ह्याला चार वर्षं झाली. माझं जे काही थोडं दिसायचं तेही आता गेल्यात जमा आहे. काचेला नाक लावून काही उपयोग नाही, म्हणून दोन वर्षांपासून मीही बोलणारं सॉफ्टवेअर वापरते, उघड, स्पीकरवर. काम तिप्पट वेगानं होतं आणि संध्याकाळी डोकं दुखत नाही. ह्याच गोष्टीची लाज वाटत होती मला! ऑफिसात माझं नाव चांगलं आहे. पगार गावी पाठवते. आई आता तोडीला जात नाही. हे सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे, आणि पगाराच्या दिवशी ते मला हटकून आठवतं.

अकोलेची चौकशी मी सरांकडे करते, वर्षातून एखादवेळा, अगदी सहज आठवल्यासारखी. सर म्हणतात, "घरी आहे. बरी आहे." पुढं मी विचारत नाही. तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. किती वेळा काढला आणि किती वेळा तसाच ठेवला, ह्याला गणती नाही.

मागच्या महिन्यात सरांनी हॉस्पिटलला विचारलं, एक मुलगी ट्रेनिंगला पाठवू का म्हणून. पूर्ण आंधळी आहे, पण कामाला पक्की. साहेब ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "नको रे बाबा. मागं एकदा पोळलोय आपण. ती फोनवाली पोरगी आठवते ना?"

माझे हात कीबोर्डवर थांबले. मी उठले, टेबलाच्या कडेला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ती चूक तिची नव्हती. माझी होती."

आणि सगळं सांगितलं. रिकामा कॉलम कशाला ठेवायची ते. आधी नावं लावली, कॉलम नंतर काढला ते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, आणि तिनं विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोलले, ते. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनाशी धरूनच बोलत होते. काही राखून ठेवलं नाही.

साहेबांची खुर्ची करकरली. मग ते हसले, अगदी मायेनं.

"अगं, तुझी कशी असेल? तेव्हा तुला तर दिसत होतं. आणि ती यादी तूच दुरुस्त केलीस की दोन दिवस बसून! मला आठवतंय ना."

"नाही सर, खरंच सांगते. मीच—"

"पुरे. कळतंय मला. त्या नव्या पोरीची सोय व्हावी म्हणून तू हे अंगावर घेतेयस." मग ते मोठ्यानं म्हणाले, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बघा, ह्याला म्हणतात एकी. चार वर्षांपूर्वीच्या मैत्रिणीची चूक ही आज स्वतःच्या डोक्यावर घेतेय. तुम्ही लोक एकमेकांसाठी साधा रजेचा दिवस बदलत नाही. बरं बाई, तुझ्यासाठी म्हणून घेऊ त्या पोरीला. पण फोनवर नको बसवायला."

कुणीतरी म्हणालं, "खरंय साहेब." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मला ओरडून सांगायचं होतं की एकी तिनं दाखवली होती, मी नाही. पण ह्यावर बोललं तेवढं माझंच कौतुक होणार, हे मला कळून चुकलं होतं. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि सगळ्यांना तो माझा मोठेपणा वाटला.